वाकातोबी : पाण्याचा जिल्हा

इंडोनेशियातल्या बुतोन बेटावर, बाऊ-बाऊच्या धक्क्यावर, रात्री नऊच्या सुमाराला लाकडी बोट भरत होती. आधी अंड्यांचे ट्रे, कांद्याची पोती, सिमेंट, दोन मोटारसायकली आणि प्लास्टिकात गुंडाळलेलं एक कपाट चढलं, मग माणसं. आत दोन्ही बाजूंना फळ्यांचे लांब ओटे होते, त्यांवर एकेका माणसापुरत्या पातळ गाद्या आणि प्रत्येक गादीला नंबर. माझ्या शेजारच्या गादीवरच्या आजींनी पिशवीतून उशी काढली, पदर घ्यावा तशी डोक्यावरून ओढणी घेतली आणि बोट सुटायच्या आत त्या झोपून गेल्या. मी मात्र जागी होते. धक्क्यावरचा अधिकारी प्रवाशांची यादी तपासत होता. त्यानं शिक्का मारल्याशिवाय बोट सुटत नाही. खलाशाला विचारलं, यांना काय म्हणतात? तो म्हणाला, "शाहबंदार."

शब्द वहीत लिहून घेतला. पुढच्या बारा दिवसांत त्या वहीत अशा ओळखीच्या शब्दांची रांग लागली.

पहाटे बोट वांची गावाला लागली. वांची हे वाकातोबी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. धक्क्यावरून बाजाराकडे जाताना पहिली सरकारी पाटी दिसली, तिच्यावर 'बुपाती वाकातोबी' असं लिहिलेलं होतं. इंडोनेशियात जिल्ह्याच्या प्रमुखाला 'बुपाती' म्हणतात आणि जिल्ह्याला 'काबुपातेन'. मूळ शब्द संस्कृत 'भूपती'. पहिल्या सहस्रकात शिलालेखांमधून आणि राजदरबारांतून जे संस्कृत शब्द या बेटांवर रुजले, त्यांपैकी हा एक. जावाच्या राजवटीत तो चालला, डच अमलात टिकला आणि आज तो लोकांनी थेट मतदान करून निवडलेल्या जिल्हाप्रमुखाचं पदनाम आहे. पण मी उभी होते तिथून तीन दिशांना पाणीच पाणी दिसत होतं. भूपतीच्या वाट्याला इथं भू किती येते, हा प्रश्न तिथंच मनात आला. पुढच्या सगळ्या प्रवासात मी त्याचंच उत्तर शोधत राहिले.

चार बेटांची चार अक्षरं

वाकातोबी हे कुठल्या बेटाचं नाव नाही. वांगी-वांगी, कालेदुपा, तोमिया आणि बिनोंग्को या चार मोठ्या बेटांची पहिली अक्षरं जोडून ते तयार झालं. 'वांगी-वांगी' मराठी कानाला भाजीचं नाव वाटतं, पण इंडोनेशियन भाषेत 'वांगी' म्हणजे सुवासिक. सुलावेसीच्या आग्नेय टोकाजवळ बुतोन हे मोठं बेट आहे. त्याच्या पूर्वेला ही चार बेटं वायव्येकडून आग्नेयेकडे एका रांगेत पसरली आहेत. उत्तरेला आणि पूर्वेला बांदा समुद्र, दक्षिणेला फ्लोरेस समुद्र. मधल्या जागेत लहान बेटं, वाळूचे दांडे आणि प्रवाळांची कंकणद्वीपं विखुरलेली आहेत. प्रवाळांच्या जगप्रसिद्ध त्रिकोणाचा हा गाभा. जमिनीवर फिरायचं ठरवलं तर इथं फार काही उरत नाही. पाण्याखाली पाहायचं ठरवलं तर आयुष्य अपुरं पडेल.

आकड्यांनी बोलायचं, तर १९९६ साली जाहीर झालेल्या वाकातोबी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र १३ लाख ९० हजार हेक्टर आहे आणि जिल्हा आणि उद्यान जवळजवळ एकाच नकाशावर बसतात. म्हणजे सुमारे १३,९०० चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडं कमी. त्यात जमीन ४६,३७० हेक्टर, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याएवढी. सोलापूरएवढा जिल्हा घ्या, त्यातली मुंबई उपनगराएवढी जमीन ठेवा, तीही चार तुकड्यांत, आणि बाकी सगळीकडे पाणी भरा. मग वाकातोबी डोळ्यांसमोर उभा राहील. शंभरातले सत्त्याण्णव भाग समुद्र. २०१०च्या जनगणनेत इथं ९२,९९५ माणसं होती, २०२०मध्ये ती १,११,४०२ झाली.

जमीन आहे तीही समुद्रानंच दिलेली. ही बेटं म्हणजे पाण्यातून वर उचलले गेलेले जुने प्रवाळ. चुनखडीच्या त्या दगडात पाणी ठरत नाही. पाऊस पडतो आणि भेगांमधून खाली निघून जातो, त्यामुळे नद्या नाहीत. गोडं पाणी शोधायचं ते जमिनीच्या पोटात. वांचीजवळ कोंतामाले नावाची गुहा आहे. इथल्या भाषेत 'गोआ', आपल्याच 'गुहे'चं हे रूप. पायऱ्या उतरून खाली गेलं की डोक्यावर खडकाचं छत आणि पायाशी निळसर, थंड पाणी. मी गेले तेव्हा तीन बायका खडकावर कपडे धूत होत्या आणि एक मुलगा उंच दगडावरून पाण्यात उड्या मारत होता. पर्यटक म्हणून आलेली मी एकटीच, बाकी सगळ्यांचं रोजचं काम चाललेलं. आपल्याकडे गावची विहीर असते, तशी त्यांची ही गुहा. अशा झऱ्यांभोवती गावानं राखलेली राई असते, तिला 'काइंदेआ' म्हणतात. झाडं राहिली तर पाणी राहील हा हिशेब कागदावर येण्याच्या किती तरी आधीपासून गावाच्या रीतीत आहे.

माती इतकी उथळ की भाताचं पीक नाही. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो कसावा इथलं मुख्य अन्न आहे. मी उतरले होते त्या घरातल्या इबूंनी, म्हणजे घरच्या आईंनी, पहाटे मला कासुआमी करायला बोलावलं. सोललेला कंद खवणीवर किसायचा, कीस पोत्यात बांधायचा, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर दगड रचायचे आणि पाणी निथळून जाऊ द्यायचं. मग तो कोरडा चुरा हातानं मोकळा करून शंकूच्या आकाराच्या विणलेल्या साच्यात भरायचा आणि वाफवायचा. अर्ध्या तासानं साचा उलटा केला की पानात पांढरा छोटा डोंगर उभा राहतो. सोबत पारेंदे, म्हणजे हळद आणि आंबटाची पातळ माशाची आमटी. इबू म्हणाल्या, "भात पोटाला हलका. हे खाऊन माणूस होडीवर दिवसभर टिकतो." निथळलेली कासुआमी अनेक दिवस टिकते, म्हणून दूरच्या सफरीवर निघणाऱ्या खलाशांची ती शिदोरी. या बेटांची शेतीसुद्धा समुद्राच्या सोयीनं चालते.

फुलणारे जिल्हे

बाऊ-बाऊला टेकडीवर बुतोनच्या सुलतानांचा दगडी कोट अजून उभा आहे. वाकातोबीचा कारभार शतकानुशतकं तिथूनच पाहिला जाई. सुलतानी राज्याला चार सीमावर्ती मांडलिक प्रदेश होते. त्यांना 'बाराता' म्हणत. मुना, तिवोरो, कुलिसुसू आणि कालेदुपा. म्हणजे आजच्या जिल्ह्यातलं कालेदुपा तेव्हा समुद्रावरची चौकी होतं. समुद्रातून येणारा शत्रू आधी बारातानं पाहायचा. वांगी-वांगीवर लिया इथं प्रवाळाच्या दगडांची जुनी तटबंदी आहे. गवत वाढलेल्या त्या भिंतीवर उभं राहिलं की समोर समुद्र मोकळा दिसतो आणि कोट इथंच का बांधला ते कुणी सांगावं लागत नाही.

स्वतंत्र इंडोनेशियात ही बेटं बुतोन जिल्ह्यात गेली. तालुक्याच्या पलीकडचं कुठलंही काम निघालं की रात्रभराचा समुद्र ओलांडून जायचं. १९९८मध्ये सुहार्तोंची राजवट कोसळली आणि जाकार्तात एकवटलेली सत्ता जिल्ह्यांकडे सोपवणारे कायदे आले. देशभर नव्या जिल्ह्यांची लाट आली. तीनशेच्या आसपास असलेले जिल्हे आणि शहरं आज ५१४ आहेत. जिल्ह्याचे भाग पाडण्याला इंडोनेशियन शब्द आहे 'पेमेकारान'. 'मेकार' म्हणजे उमलणं. आपण 'विभाजन' म्हणतो, ते 'उमलणं' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. १८ डिसेंबर २००३ रोजी, त्या वर्षीच्या २९ क्रमांकाच्या कायद्यानं, बोंबाना आणि उत्तर कोलाका यांच्याबरोबर वाकातोबी जिल्हा उमलला.

आतली मांडणी साधी आहे आणि भूगोलाला धरून आहे. चार बेटं, प्रत्येक बेटावर दोन, असे आठ तालुके. तालुक्याला 'केचामातान' म्हणतात आणि त्याचा प्रमुख 'चामात' बुपातींनी नेमलेला असतो. त्याखाली ७५ गावं आणि २५ नागरी प्रभाग, मिळून बरोबर शंभर. गावाला 'देसा' म्हणतात, म्हणजे आपला 'देश'. गावचा प्रमुख 'केपाला देसा' लोक निवडतात. त्याची सहा वर्षांची मुदत २०२४च्या दुरुस्तीनं आठ वर्षं झाली. प्रभागाचा 'लुराह' मात्र सरकारी नेमणुकीचा. २०१४च्या ग्राम कायद्यानंतर गावांना केंद्राकडून थेट निधी मिळतो. प्रत्येक गावाच्या कार्यालयाबाहेर त्या निधीच्या जमाखर्चाचा भला मोठा फलक लावलेला असतो. धक्क्याची दुरुस्ती इतके, बालवाडी इतके, पाण्याची टाकी इतके. कालेदुपाला एका फलकासमोर उभं राहून दोन म्हातारे आकड्यांवर बोट ठेवून वाद घालत होते. लोकशाही इतक्या जवळून मी क्वचितच पाहिली आहे.

जिल्ह्याच्या सभागृहाचं पूर्ण नाव ऐकलं आणि माझ्या वहीतलं ते पान भरूनच गेलं. 'देवान पर्वाकिलान राक्यात दाएराह'. 'देवान'मध्ये आपला दिवाण आहे, 'पर्वाकिलान'मध्ये वकील, 'राक्यात' म्हणजे रयत आणि 'दाएराह' म्हणजे दायरा. रयतेची वकिली करणारं प्रदेशाचं दिवाण. अरबी-फारसी शब्द हिंदी महासागरावरच्या व्यापाऱ्यांबरोबर एकीकडे आपल्या बंदरांत उतरले आणि दुसरीकडे या बंदरांत. हजारो मैलांचं पाणी मध्ये असून दोन्हीकडच्या रयतेचं नाव एक राहिलं.

पाण्यावरचा सातबारा

वांचीला लागूनच, किनाऱ्यापुढे, मोला ही बाजो लोकांची वस्ती आहे. बाजो स्वतःला 'समा' म्हणवतात आणि जमिनीवरच्या आपल्यासारख्यांना 'बागाई'. पूर्वी समुद्रात होड्यांवर राहणारे हे लोक फिलिपिन्सपासून सुलावेसीपर्यंत पसरले आहेत. आजच्या मोलाचे बरेच लोक १९५०च्या दशकातल्या बंडाळीत कालेदुपाच्या मांतिगोलाहून इथं येऊन वसले. उथळ पाण्यात प्रवाळाचे दगड रचायचे, त्या चौथऱ्यावर किंवा खांबांवर घर उभं करायचं, घराघरांमध्ये पाण्याच्या गल्ल्या आणि वर लाकडी पूल. आज मोलात पाच गावं आहेत, प्रत्येकाला स्वतःचं गाव कार्यालय. एका पुलावर मुलं पतंग उडवत होती. खालून एक बाई होडी वल्हवत पाण्याचे कॅन विकत गेली.

समा लोकांमध्ये बाळाची वार समुद्रात सोडतात. ती बाळाचं जुळं भावंड, असं मानतात. त्यामुळे समुद्रात गेलेल्या माणसाचं कुणीतरी आधीच तिथं असतं. पुरुष आठवडेच्या आठवडे दूरच्या मासेमारीवर जातात, त्याला 'पोंगका' म्हणतात. सरकारी नोंदवहीला मात्र माणूस एका जागी लागतो आणि घराला जमीन लागते. मोलाच्या घरांखाली जमीन नव्हती, म्हणून पिढ्यान् पिढ्या त्यांना मालकीचा कागदही नव्हता. कागद नाही म्हणून कर्ज नाही, तारण नाही, सरकारी योजनेत नाव लावताना अडचण.

जून २०२२मध्ये भूमिसुधारणेवरची राष्ट्रीय परिषद मुद्दाम वाकातोबीत भरवली गेली. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो आले आणि मोलातल्या बाजो कुटुंबांना त्यांच्या पाण्यावरच्या घरांचे दाखले देण्यात आले. एका घरात मला तो दाखला पाहायला मिळाला. पाक, म्हणजे घरचे कर्ते, तो कपाटातून काढताना आधी हात पुसून आले. हिरवट जाड कागद, प्लास्टिकच्या पाकिटात लग्नाच्या फोटोसारखा जपून ठेवलेला. चौरस मीटर लिहिलेले, चार बाजूंच्या हद्दी लिहिलेल्या. खाली फळ्यांच्या फटींतून भरतीचं पाणी चमकत होतं. ते म्हणाले, "माझ्या आजोबांचं घर इथंच होतं. पण सरकारच्या कागदावर आम्ही तेव्हा पाण्यात होतो. आता घरात आहोत." सातबाऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मराठी माणसाला या वाक्यातलं वजन वेगळं समजावून सांगायला नको.

समुद्र कुणाचा?

वांचीहून कालेदुपाला बोटीनं साधारण दोन तास. माझ्या प्रवासात समुद्र शांत होता, कारण मी ऑक्टोबरच्या शेवटी गेले होते. इथं दोन 'मुसिम' असतात. हा शब्द आपला 'मोसम'. डिसेंबरपासून मार्चपर्यंत पश्चिमेचा मुसिम, पाऊस घेऊन येणारा. जून ते सप्टेंबर पूर्वेचा मुसिम, कोरडा पण वाऱ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा लाटा इतक्या उचलतो की शाहबंदार बोटी रोखून धरतो. तेव्हा बिनोंग्कोहून वांचीला जायचा रस्ता बंद होतो. घाटात दरड कोसळली तर दुसऱ्या रस्त्यानं जाता येतं, इथं दुसरा रस्ताच नाही. आजारी माणूस, परीक्षेचे पेपर, निवडणुकीच्या मतपेट्या सगळं वारा पडायची वाट पाहतं. हा जिल्हा किलोमीटरनं मोजून भागत नाही, तो वाऱ्यानं मोजावा लागतो.

कालेदुपाच्या किनाऱ्याला जिल्ह्यातलं सर्वांत दाट खारफुटीचं जंगल आहे. समोरच्या पाण्यात सांपेला हे बाजोंचं गाव खांबांवर उभं आहे आणि पलीकडे होगा नावाचं लहान बेट, जिथं १९९५पासून परदेशी विद्यार्थी आणि संशोधक प्रवाळांचा अभ्यास करायला येतात. दक्षिणेला कालेदुपाचं प्रचंड प्रवाळक्षेत्र लांबवर पसरलेलं. होगासमोर पाण्यात तोंड घालून मी तासभर तरंगत राहिले. काठाशी सागरी गवताचं कुरण, मग टेबलासारखी, मेंदूसारखी, शिंगांसारखी प्रवाळं, आणि अचानक एक निळी-काळी भिंत खाली खोल गेलेली. त्या कड्यावर हजारो लहान मासे प्रवाहाला तोंड करून एकाच जागी पोहत होते. वारा आला की शेतातलं पीक जसं एकाच अंगाला झुकतं, तसे ते सगळे एकदम वळत.

हे शेत कुणाच्या नावावर आहे? वाकातोबीतला सर्वांत अवघड प्रश्न हाच. राष्ट्रीय उद्यान केंद्र सरकारचं आहे आणि त्याचं मुख्य कार्यालय जिल्ह्याबाहेर, बाऊ-बाऊत आहे. उद्यान जाहीर झालं तेव्हा माणसं आधीपासून इथं राहत होती. जिल्हा मात्र नंतर झाला. म्हणजे बुपाती नेमला जाण्याआधीच त्याचा सगळा मुलूख संरक्षित क्षेत्रात गेलेला होता. सुरुवातीची वर्षं तणावाची होती. मग २००७मध्ये उद्यान आणि जिल्हा प्रशासनानं मिळून समुद्राचे नवे विभाग पाडले. कुणी पाऊलही टाकायचं नाही असा गाभा फक्त १,३०० हेक्टरचा, त्याभोवती मासेमारीबंदीचे ३६,४५० हेक्टर, पर्यटनासाठी ६,१८०. आणि स्थानिक मच्छीमारांच्या वापरासाठी तब्बल ८,०४,००० हेक्टर. बाकी खोल समुद्र सर्वसाधारण वापरासाठी. या आकड्यांमागची भूमिका स्पष्ट आहे. समुद्र वाचवायचा तर त्यावर जगणाऱ्यांना बाहेर काढून चालणार नाही. मालवणच्या सागरी अभयारण्याला १९८७पासून झालेला मच्छीमारांचा विरोध ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या मांडणीचं मोल कळेल. २०१२मध्ये युनेस्कोनं वाकातोबीला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

त्या काळात हुगुआ बुपाती होते, २००६ ते २०१६ सलग दोन मुदती. जिल्ह्याची ओळख समुद्राखालच्या जगावर उभी करायची असं त्यांनी ठरवलं. २००९मध्ये वांगी-वांगीवर माताहोरा विमानतळ सुरू झाला. केंद्रानं २०१६मध्ये देशातल्या दहा अग्रक्रमाच्या पर्यटनस्थळांत वाकातोबीचं नाव घातलं.

पण २०१४मध्ये एक कायदा बदलला आणि भूपतीच्या हातून पाणी गेलं. आधीच्या कायद्यांनी किनाऱ्यापासून बारा सागरी मैल प्रांताला आणि त्यातले आतले चार मैल जिल्ह्याला दिले होते. २०१४च्या २३ क्रमांकाच्या कायद्यानं जिल्ह्याचे चार मैल काढून घेतले. आता बारा मैलांपर्यंत समुद्राचा अधिकार प्रांताचा, त्याची राजधानी केंदारी, समुद्रापलीकडच्या सुलावेसीवर. जिल्ह्याकडे उरलं ते छोट्या मच्छीमारांच्या मदतीचं काम आणि मासळीच्या लिलावाची जागा. ज्याच्या जिल्ह्याचे शंभरातले सत्त्याण्णव भाग पाणी आहेत, त्या बुपातीला किनाऱ्याच्या पुढे अधिकार नाही. डोंगराळ जिल्ह्यांसाठी कदाचित ही सोय चालेल, पण द्वीपजिल्ह्यासाठी ती अंगावर न बसणाऱ्या कपड्यासारखी आहे. निधीवाटपातही समुद्राचं क्षेत्र पुरेसं धरलं जात नाही, आणि डिझेलचा खर्च मात्र सगळीकडे पाण्यातूनच होतो, अशी इथल्या कर्मचाऱ्यांची तक्रार मी वारंवार ऐकली. द्वीपप्रदेशांसाठी वेगळा कायदा हवा ही मागणी जाकार्तात वर्षानुवर्षं होत आली आहे. वाकातोबी पाहिल्यावर ती मला पूर्ण रास्त वाटते.

तोमियाची टेकडी, बिनोंग्कोची ऐरण

तोमियाला कहियांगा नावाचं गवताळ टेकाड आहे. वर चढताना पायाखालच्या दगडात शिंपले दिसतात, मोठमोठे, दगड झालेले. समुद्रसपाटीपासून इतक्या उंचीवर समुद्राचा तळ. संध्याकाळी तिथून चारही दिशांचं पाणी दिसतं. आसपासच्या समुद्रात १९९०च्या दशकात सुरुंग आणि सायनाइड वापरून मासे मारले जात. प्रवाळांचे ढिगारे होत आणि मासळी आटत जाई. त्याविरुद्ध उभे राहिले ते इथलेच मच्छीमार. त्यांच्या 'कोमुंतो' या संघटनेनं काही प्रवाळक्षेत्रं स्वतःहून मासेमारीसाठी बंद केली, राखणदारी केली आणि पुढे मासे वाढू लागले तसे बाकीचेही सामील झाले. २०१०मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. कायदा चार मैल कुणाचे हे ठरवत राहिला आणि इथं गावानं आपलं एक शेत पडीक ठेवून सगळा समुद्र सुपीक केला.

रांगेतलं शेवटचं बेट बिनोंग्को. या द्वीपसमूहाचं जुनं नाव 'तुकांग बेसी', म्हणजे लोहार. कारण हे बेट. गंमत अशी की बेटावर लोखंडाची खाण नाही. लोखंड नेहमीच बोटीनं आलं, आणि सुऱ्या-कोयते होऊन बोटीनंच मालुकूपर्यंत गेले. पोपालिया गावात घणांचा आवाज सकाळपासून सुरू होतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये तिथले लोहार पाक आणि त्यांचा पुतण्या काम करत होते. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा कोळशात लालभडक झाला, चिमट्यानं ऐरणीवर आला, आणि दोन घण आळीपाळीनं पडू लागले. एकमेकांशी बोलण्याची गरज त्यांना वाटत नव्हती. पाक लहान हातोड्यानं जिथं टकटक करत, तिथं पुतण्याचा मोठा घण येऊन पडे. पंधरा-वीस मिनिटांत त्या जाड पट्टीला पातं फुटलं. शेवटी पाणी देताना पाकांनी पातं नुसतं बुडवलं नाही. आधी धारेची कड, मग जरा थांबून मागची बाजू. रंग कसा उतरतो ते डोळे बारीक करून पाहत होते. मी विचारलं, किती वर्षं? म्हणाले, "वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आमच्याकडे माती नाही, लोखंडही नाही. पण समुद्र सगळं आणून देतो."

रुकुवाचा धक्का

परतायचं तर वारा फिरला. ऋतू सरला तरी त्यानं शेवटची चुणूक दाखवली. रुकुवाच्या धक्क्यावर बोट तयार होती, पण शाहबंदारनं यादीवर शिक्का मारला नाही. दोन दिवस आम्ही धक्क्यासमोरच्या दुकानात कॉफी पीत बसलो. सोबत तालुका कार्यालयातले एक कारकून होते. त्यांच्याजवळ तांदळाच्या पोत्यात गुंडाळलेली फायलींची गठडी होती. आत आणखी दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग कागद. गावांच्या पुढच्या वर्षाच्या योजना आणि हिशेब, वांचीला पोहोचवायचे. सगळं संगणकावर पाठवता येत नाही का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पाठवतो. पण सही कागदावर लागते आणि कागद समुद्रानंच जातो."

इंडोनेशियन भाषेत मातृभूमीला 'तानाह आयर' म्हणतात. तानाह म्हणजे माती, आयर म्हणजे पाणी. ज्यांनी आपल्या देशाला 'माती-पाणी' असं नाव दिलं, त्यांचा कारभार अजून बराचसा मातीच्या मापानंच चालतो. तरी मोलातला तो दाखला, तोमियाच्या मच्छीमारांनी राखलेलं पाणी आणि गाव कार्यालयाबाहेरचा तो फलक आठवला की वाटतं, पाण्याची मापंही हळूहळू तयार होत आहेत. ती तयार करणारी माणसं बहुतेक वेळा धक्क्यावर वाट पाहत असतात.

तिसऱ्या संध्याकाळी वारा पडला. शाहबंदारनं यादीवर शिक्का मारला आणि बोट सुटली. कारकुनांची गादी माझ्या शेजारी होती. खालच्या फळ्या ओल्या होत्या, म्हणून त्यांनी फायलींची गठडी तिथं ठेवली नाही. ती डोक्याखाली घेतली, एक हात तिच्यावर ठेवला आणि समुद्रावर झोपून गेले.